आई-वडील रडले नाहीत म्हणून दोषी? आरुषी प्रकरण डॉक्टरच्या नजरेतून

लहान मुलाचा घरात संशयास्पद मृत्यू झाला, की पहिला प्रश्न आई-वडिलांना विचारला जातो : तुम्ही तेव्हा कुठे होता? हा प्रश्न विचारायलाच हवा. पण मिळालेले उत्तर कोणत्या निकषांवर तपासायचे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. आरुषी तलवार प्रकरण त्याचे आपल्या देशातले सर्वात परिचित उदाहरण आहे. आजही दवाखान्यात हा विषय निघाला की लोक ठामपणे म्हणतात, "आई-वडिलांनीच केलं." किंवा तितक्याच ठामपणे, "ते निर्दोषच आहेत." वैद्यकीय दृष्टीने यातले नेमके काय सांगता येते, ते पाहू.

प्रकरण थोडक्यात

१६ मे २००८ च्या सकाळी नोएडातील जलवायु विहारमधल्या घरात आरुषी तिच्या खोलीत मृतावस्थेत आढळली. आठवडाभराने ती १४ वर्षांची होणार होती. संशय घरगडी हेमराजवर गेला. दुसऱ्या दिवशी त्याचाही मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर सापडला. वडील राजेश आणि आई नूपुर, दोघेही दंतवैद्य. 'रात्री आम्ही आमच्या खोलीत झोपलो होतो, काही ऐकू आले नाही,' असे त्यांचे म्हणणे होते.

पोलिसांनी वडिलांना अटक केली. सीबीआयच्या पहिल्या पथकाचा संशय इतरांवर होता, दुसऱ्या पथकाचा पुन्हा वडिलांवर. २०१० च्या डिसेंबरमध्ये सीबीआयने पुरावा अपुरा म्हणून प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. न्यायालयाने तो नाकारून खटला चालवला आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये दोघांना जन्मठेप झाली. १२ ऑक्टोबर २०१७ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांची निर्दोष मुक्तता केली. २०१८ मध्ये सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली. या दोन खुनांसाठी दुसऱ्या कोणावरही खटला चाललेला नाही.

'शेजारच्या खोलीत खून, आणि जाग आली नाही?'

हा सर्वात जास्त विचारला गेलेला प्रश्न. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येतो. त्या वेळी माणसाला जाग यायला बराच मोठा आवाज लागतो. एसी-पंख्याचा सततचा आवाज आणि बंद दारे असतील तर बाहेरचा आवाज आणखी दबतो. डोक्यावर जबर घाव बसून व्यक्ती लगेच बेशुद्ध झाली, तर ओरडा होईलच असे नाही.

म्हणजे जाग न येणे वैद्यकीयदृष्ट्या शक्य आहे. पण आई-वडील त्या रात्री खरोखर झोपलेलेच होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही. हा मुद्दा दोन्ही बाजूंना सारखाच अपुरा आहे. चर्चेत मात्र तो एकाच बाजूने वापरला गेला.

डोळ्यांत पाणी का नव्हते?

टीव्हीवरच्या मुलाखतीत आई शांत दिसली, यावर देशभर चर्चा झाली. अचानक आणि हिंसक मृत्यूनंतर अनेक माणसे सुन्न होतात. एखादी आई मुलाला अॅडमिट करताना ओक्साबोक्शी रडते आणि मृत्यूची बातमी ऐकल्यावर अगदी शांतपणे "बिल किती झालं?" विचारते. बधिरपणा ही तीव्र धक्क्याची नेहमीची प्रतिक्रिया आहे. रडण्यावरून दुःख मोजता येत नाही आणि गुन्हा तर अजिबात ओळखता येत नाही.

आठवणींचेही तसेच. धक्क्यात मेंदू काही तपशील घट्ट धरतो, काही सोडून देतो. दार कोणी उघडले, आधी फोन कोणाला केला, अशा बाबतीत दोन जबाबांत थोडा फरक पडणे स्वाभाविक आहे. मात्र इजा कशी झाली याची मूळ हकिगतच बदलत असेल, तर ती गंभीर बाब असते.

शरीर काय सांगते, काय सांगत नाही

आरुषीच्या डोक्यावर जड वस्तूचा घाव होता आणि गळा धारदार शस्त्राने चिरलेला होता. घाव सफाईदार आहे, म्हणून तो वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेल्याने केला असावा, असा तर्क मांडला गेला. जखमेवरून शस्त्राची धार, घावाची खोली आणि दिशा यांचा अंदाज येतो. मारणाऱ्याची पदवी जखमेवरून कळत नाही.

पोस्टमॉर्टेम करणाऱ्या डॉक्टरांनी अहवालात न लिहिलेल्या काही गोष्टी बऱ्याच काळानंतरच्या जबाबांत सांगितल्या. आमच्या व्यवसायात साधा नियम आहे : तपासताना जे दिसले ते तेव्हाच लिहा. नंतर आठवून सांगितलेल्या निरीक्षणावर मधल्या काळातल्या बातम्यांची आणि चर्चेची छाया पडू शकते.

घटनास्थळाचे तर अधिकच नुकसान झाले. पहिल्याच दिवशी घरात शेजारी, नातेवाईक, पत्रकार वावरत होते. गच्चीचे दार त्या दिवशी उघडलेच गेले नाही. संशयितांपैकी एकाच्या खोलीतून घेतलेल्या उशीच्या अभ्र्याबाबत, प्रयोगशाळेच्या अहवालात टंकलेखनाची चूक झाली होती, असा खुलासा २०११ मध्ये आला. वैद्यकीय तपासात नमुन्यावरचे लेबलच संशयास्पद ठरले, तर रिपोर्टला अर्थ उरत नाही.

पालक आणि इतर संशयितांच्या नार्को चाचण्याही झाल्या. या औषधाने माणूस गुंगीत जातो आणि समोरच्याच्या सूचनेनुसार बोलू शकतो. 'सत्य' बाहेर काढणारे औषध अस्तित्वात नाही. संमतीशिवाय अशी चाचणी करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये दिला.

मग पालकांवर संशय घ्यायचाच नाही का?

घ्यायचा. लहान मुलांवरील अत्याचारात घरातली, ओळखीची माणसे अनेकदा गुंतलेली असतात. म्हणून डॉक्टर या गोष्टी पाहतात :

- सांगितलेली हकिगत आणि इजा जुळते का? (तीन महिन्यांचे बाळ 'रांगत जाऊन पडले' हे शक्य नाही.)
- दवाखान्यात आणायला विनाकारण उशीर झाला का?
- वेगवेगळ्या काळातल्या जुन्या इजा आहेत का?
- मूळ हकिगत प्रत्येक वेळी बदलते का?

हे निकष तपासता येतात. 'चेहऱ्यावरून वाटते' हा निकष तपासता येत नाही, आणि त्याची किंमत मोठी असते. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क यांना दोन बाळांच्या मृत्यूबद्दल १९९९ मध्ये शिक्षा झाली. असे दोन नैसर्गिक मृत्यू एका घरात होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका बालरोगतज्ज्ञाने न्यायालयात सांगितले होते. ते गणितच चुकीचे होते, कारण एकाच घरातले दोन मृत्यू समान आनुवंशिक कारणामुळे होऊ शकतात. शिवाय दुसऱ्या बाळाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचाव पक्षापर्यंत पोचलेच नव्हते. २००३ मध्ये त्या सुटल्या, २००७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. ऑस्ट्रेलियात कॅथलीन फोलबिग यांनी चार मुलांच्या मृत्यूंसाठी वीस वर्षे तुरुंगात काढली. त्यांच्या दोन्ही मुलींमध्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकणारा जनुकीय बदल आढळला आणि २०२३ मध्ये शिक्षा रद्द झाली.

आरुषी प्रकरणात उच्च न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अपुरी ठरवली. त्यामुळे आई-वडील सुटले, पण आरुषी आणि हेमराज यांना कोणी मारले हा प्रश्न तसाच राहिला. तपासाचा पहिला दिवस वाया गेला की पालकांचे म्हणणे खरे की खोटे, हे सांगणारी साधनेच हातची जातात. निर्दोष माणसाला स्वतःला सोडवता येत नाही आणि दोषी माणसाला पकडता येत नाही.

कुटुंबांनी लक्षात ठेवण्यासारखे

- घरात मुलाचा अचानक मृत्यू झाला किंवा मूल निपचित आढळले, तर त्वरित रुग्णालयात न्या. खोली आवरू नका, अंथरूण-कपडे धुऊ नका.
- शेवटचे खाणे, दिलेली औषधे, ताप, पडणे, सगळे डॉक्टरांना सांगा. वेळा त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा.
- पोलीस चौकशी आणि पोस्टमॉर्टेम म्हणजे आरोप नव्हे. कारण न कळलेल्या मृत्यूत ती ठरलेली प्रक्रिया आहे. अहवालाची प्रत मागून घ्या.
- मृत्यूचे कारण सापडले नाही, तर भावंडांची हृदयतपासणी आणि ईसीजी करावा का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा.
- नातेवाइकांनी "तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" हा प्रश्न टाळावा. तो प्रश्न आई-वडील स्वतःला विचारतच असतात.
- मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६. एखाद्या मुलाला घरात धोका आहे असे वाटत असेल, तर चाइल्डलाइन १०९८.