चंद्रावरचं चवदार तळं

ग्रहण लागलं की माझा पणजा गावात हाळी देत फिरायचा. दे दान, सुटे गिऱ्हाण! चंद्राला गिळणारा राहू आपल्यातला, अशी समजूत. मग आपल्याला मूठभर जोंधळे, फाटकं लुगडं टाकलं की राहू चंद्राला सोडणार. चंद्र सुटायचा. पणजा सुटायचा नाही. आज्या लहानपणी त्याच्या मागं झोळी घेऊन फिरला. 1956 नंतर घरातल्या कुणी ती हाळी दिली नाही.

दोस्तांनो, चंद्राशी आपली ओळख ही अशी. जुनी आणि अपमानाची.

23 ऑगस्ट 2023 च्या संध्याकाळी चांद्रयान-3 उतरलं. नालासोपाऱ्यातल्या आमच्या चाळीत मी मोबाइलवर बघत होतो. टाळ्या मीपण वाजवल्या. खोटं कशाला बोलू, डोळे भरले. आई हंडे-ड्रम लावून टँकरची वाट बघत होती. भर पावसाळ्यात. तिनं विचारलं, "तिथं पाणी हाय का रे?"

"हाय. बर्फ हाय म्हणतात."

"मंग तिथंबी टँकरवालाच आधी पोचंल."

आई शाळेत गेलेली नाही. पण अग्रलेखात जे लिहायचं ते तिनं एका वाक्यात उरकलं. मी फक्त तारखा जोडतो.

चंद्रावर पाण्याचे अंश आहेत हे 2009 मध्ये जगापुढं आलं ते चांद्रयान-1 मुळं. हे यान गेलं जनतेच्या पैशावर. बिडी, साबण, काडेपेटी घेताना आपणही कर भरतो, त्या पैशावर. आता त्या पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा काढून इंधन बनवायचं, विकायचं, अशी कंपन्यांची गणितं चालली आहेत. 1967 च्या करारानुसार चंद्र कोणत्याही राष्ट्राच्या मालकीचा नाही. पण 2015 मध्ये अमेरिकेनं कायदा केला, की तिथून काढलेला माल काढणाऱ्याचा. म्हणजे तळं कुणाचंच नाही, पण घागर भरली की पाणी तिचं, जिच्याकडं घागर. अमेरिकेच्या आर्टेमिस करारावर जून 2023 मध्ये आपल्या सरकारनंही सही केली. खनिज-पाणी काढलं म्हणजे मालकी सांगितली असं होत नाही, असं त्यात लिहिलंय.

हा युक्तिवाद आपण आधी ऐकलाय. महाडात.

1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला. सरकारी खर्चानं बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, शाळा अस्पृश्यांना खुल्या. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले. त्यावर सवर्णांनी कोर्टात काय सांगितलं? तळं खासगी आहे! सार्वजनिक म्हटलं की आपण येतो, म्हणून ते खासगी. हा दावा हायकोर्टानं शेवटी फेटाळला तो 1937 मध्ये. एक घोट पाण्यासाठी दहा वर्षं.

म्हणून 'खासगी' हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. 2020 मध्ये अवकाश खासगी कंपन्यांना खुलं केलं. इन-स्पेस नावाचं कार्यालय त्यासाठीच उघडलं. 18 नोव्हेंबर 2022 ला पहिलं खासगी रॉकेट उडालं, तेही इस्रोच्या श्रीहरिकोट्यावरून. 2024 मध्ये परदेशी भांडवलालाही दार आणखी उघडलं. तळ सरकारी, साठ वर्षांचा अनुभव सरकारी, आणि नोकरी मात्र खासगी. खासगी नोकरीत आरक्षण नाही. आपली पोरं आता कुठं आयटीआय, इंजिनिअरिंग करून दाराशी पोचतायत, आणि दारावरची पाटी बदलली.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मी गोदीत राबतो. न्हावाशेव्याचं बंदर सरकारनं बांधलं. 1997 मध्ये पहिलं खासगी टर्मिनल ठरलं. 2022 मध्ये बंदराचं स्वतःचं टर्मिनलही खासगी हातात गेलं. आज बोट तीच, बॉक्स तोच, क्रेन मोठी झाली आणि माणूस कंत्राटी. मी ज्या धक्क्यावर काम करतो तिथं ठेकेदार बदलतो, ओळखपत्राचा रंग बदलतो, हजेरी तेवढीच राहते. आज गोदीत झालं ते उद्या आभाळात होणार.

कुणी म्हणेल, हे विज्ञानाच्या विरोधात बोलतात. अरे, विज्ञान आपल्याला हवंच आहे. राहूला त्यानंच मारलं. उलट चांद्रयानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीच्या पायाशी जाणाऱ्यांनाच विचारा, विज्ञानाच्या बाजूचं कोण? जुलै 1969 मध्ये अपोलो उडायच्या आदल्या दिवशी राल्फ अॅबरनथी गरीब काळी कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन तिथं धडकले होते. त्यांचं भांडण चंद्राशी नव्हतं. भुकेल्याला मागं ठेवून जाण्याशी होतं.

आपलंही तेच. एप्रिल 2024 मध्ये आपल्या विरारमध्ये सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. चंद्रावर उतरून आठ महिने झाले नव्हते. अंतराळवीराचा श्वास न् श्वास मोजला जातो. टाकीत उतरणाऱ्याच्या तोंडाला रुमाल. माणसाला हवा कशी पुरवायची हे या देशाला ठाऊक नाही, असं आता कुणी सांगू नये. ठाऊक आहे. कुणाला पुरवायची, एवढाच सवाल आहे.

तेव्हा मागणी साधी. ज्या कंपनीला जनतेचा तळ, जनतेची प्रयोगशाळा, जनतेचं तंत्र मिळतं, तिला बोले ठरावाचं तत्त्व लागू करा. तिथं आरक्षण द्या. तिथल्या नफ्यात जनतेचा वाटा लिहा. आणि टाकीत माणूस उतरवणं आधी बंद करा, मग माणूस आभाळात चढवा.

हे दान नाही. दान मागणारा पणजा गेला. आपण हिशेब मागतोय.

जय भीम!