घर आपलं, पण काठी आपली नव्हे

उल्हास नदीच्या एका बाजूला कर्जत स्टेशन, दुसऱ्या बाजूला दहिवली. लोकलने ठाणे-मुंबई गाठणारी आपली पोरं-पोरी कर्ज काढून इथे खोली घेतात. हप्ता हलका व्हावा म्हणून एखाद्या मित्राला सोबत ठेवतात. दोन महिने पैसे येतात, मग बंद होतात. मित्र मात्र हलत नाही.

अशा वेळी दोन सल्ले मिळतात. एक, "चार पोरं न्या, सामान बाहेर फेका." दुसरा, "समाजाचा माणूस आहे, सांभाळून घ्या." आमचा दोन्हींना विरोध आहे.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेब पारशी धर्मशाळेत पैसे देऊन राहत होते. त्यांना बाहेर काढायला नोटीस आली नाही, काठ्या घेतलेला जमाव आला. ती काठी आज आपण उचलायची? पैसे बुडवणारा दोषी आहेच. पण त्याचा निवाडा जमावाने करायचा नसतो. शिवाय ते महागातही पडतं. मारहाण केली की तक्रारदार तो आणि आरोपी आपण. विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे कायदा डावलून हुसकावलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालकी कुणाची हा मुद्दा चालत नाही.

आता दुसरा सल्ला. गोव्यातल्या मारिया मार्गारिदा यांनी सख्ख्या भावाला घरात राहू दिलं. पुढे त्याच भावाने याच कलम ६ खाली दावा लावला. बहिणीला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. २०१२ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितलं: मेहेरबानीने राहिलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी घरावर त्याचा हक्क तयार होत नाही. निकाल बहिणीच्या बाजूने लागला. पण सख्ख्या नात्यात ही गत, तर "आपला माणूस" या शब्दावर किती विसंबायचं?

म्हणून खोली देतानाच कागद करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ ने करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा, आणि ती जबाबदारी घरमालकावर आहे. पैसे रोखीने नको, खात्यावर घ्या. थकले की लेखी नोटीस द्या, राहण्याची परवानगी संपल्याचं त्यात लिहा, निघायला वाजवी मुदत द्या. तरी हलला नाही तर ताब्याचा आणि थकबाकीचा दावा लावा. तोवर वीज-पाणी तोडू नका, कुलूप बदलू नका.

वकील परवडत नाही? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. धर्मांतरित बौद्धांनो, जातीचा दाखला सोबत न्या.

वेळ लागेल, हे खरं. पण संवैधानिक मार्ग खुला असताना दुसरा मार्ग धरू नका, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बजावलं. ते फक्त सरकारशी भांडताना पाळायचं नाही. आपल्या उंबरठ्याच्या आतही पाळायचं आहे.

जय भीम!