बाहेर काढणं ही शिक्षा की सवलत?

माझा भाचा कॅनडात असतो. गेल्या नाताळात तो घरी आला होता, तेव्हा रात्रीची जेवणं आटोपली की लॅपटॉपवर आईस हॉकीचे सामने लावायचा. आम्ही गोंयकार फुटबॉलवर वाढलेली माणसं. तो काळा पक कुठे आहे हे नजरेला सापडेपर्यंत गोल झालेला असतो! पण खेळ थांबून पुन्हा सुरू होतो तो क्षण, म्हणजे फेसऑफ, मला लगेच कळला. सरकारी कारकुनाला नियमांची गोडी जरा जास्तच.

दोन गडी समोरासमोर वाकून उभे राहतात, लाइन्समन मध्ये पक टाकतो आणि ज्याला साधेल त्याने तो ओढून घ्यायचा. पाय आखलेल्या रेषांच्या आत हवेत, स्टिक ठिपक्यावर टेकलेली हवी. कुणी लबाडी केली की लाइन्समन त्याला बाजूला करतो आणि त्याच संघाचा दुसरा गडी पुढे येतो. वर्तुळाबाहेरच्या साथीदाराने घाईने आत पाय टाकला तरी निघायचं मधल्यानेच. करणारा एक, भरणारा दुसरा! त्याच फेसऑफला तोच संघ पुन्हा चुकला, तर एक खेळाडू दोन मिनिटं पेटीत.

भाच्याला हे जाचक वाटतं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये एनएचएलने सराव सामन्यांत हे नियम काटेकोरपणे लावले, तेव्हा खेळाडूही कुरकुरले होते. मला मात्र त्याच मोसमातला दुसरा एक बदल जास्त महत्त्वाचा वाटतो.

अडचणीत आलेला संघ आपल्या अर्ध्या भागातून पक सरळ पलीकडे टोलवतो, त्याला आयसिंग म्हणतात. मग फेसऑफ त्याच्याच गोलाजवळ होतो. २००५-०६ पासून अशा वेळी त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. दमलेल्यांनीच उभं राहायचं. यावर हुशार मंडळींनी तोड काढली. मधल्याने मुद्दाम चूक करायची, लाइन्समनने त्याला काढायचं, दुसऱ्याने सावकाश यायचं. तेवढ्यात चार श्वास मिळाले! २०१७-१८ पासून आयसिंगनंतर बचाव करणाऱ्या संघाच्या गड्याला पहिल्या चुकीला काढत नाहीत, फक्त ताकीद देतात. दुसऱ्या चुकीला थेट दोन मिनिटं.

हे वाचून मला आमच्या टेबलावरच्या फायली आठवल्या. ज्याला मुदतच वाढवून हवी असते, तो अर्धवट अर्ज देतो. आम्ही त्रुटी काढून पत्र पाठवतो आणि त्याला पंधरा दिवस आयते मिळतात. पत्र आमचं, सोय त्याची. वीस वर्षं मी अशी पत्रं टाइप केली आहेत.

भाचा म्हणाला, "मामा, मग सगळीकडेच ताकीद का नाही देत?" प्रश्न बरोबर होता. पण इतर वेळी काढणं खरोखर झोंबतं. २०२३ साली निवृत्त झालेला बोस्टनचा पॅट्रिस बर्जेरॉन फेसऑफ जिंकण्यात वाकबगार होता. त्याला बाजूला केलं की संघाचं नुकसान ठरलेलं. तिथे श्वास मिळून उपयोग काय, पक तर गेला ना हातचा!