गाडीची टाकी आणि चालकाची झोप

गेल्या महिन्यात रक्तदाब तपासून घेण्यासाठी एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले होते. नवी सात आसनी डिझेल गाडी घेतल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. तिसऱ्या दिवशी सहकुटुंब गोकर्णला जायचा बेत होता. रात्री दोन वाजता अलिबागहून निघायचे आणि वडखळला महामार्ग धरून संध्याकाळच्या आत मुक्कामी पोहोचायचे, अशी आखणी होती.

"डॉक्टर, डिझेलचं हेच सुख. एकदा टाकी भरली की आठशे किलोमीटर पंपाचं तोंड बघायला नको."

मी विचारले, "आदल्या रात्री झोपणार किती वाजता?"

"दुकान बंद करायला दहा वाजतात. मग सामान भरायचं. झोप काय, तिकडे गेल्यावर काढू."

त्यांच्या पत्नी इतका वेळ गप्प होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "मागच्या वेळी हातखंब्याजवळ यांचा डोळा लागला होता."

"लागला नव्हता गं, जरा जड झाला होता," गृहस्थ म्हणाले.

वाचकहो, आजचा लेख या 'जरा जड झालेल्या' डोळ्याविषयी आहे. पन्नास-पंचावन्न लिटरची टाकी आणि लिटरमागे पंधरा-सोळा किलोमीटरचे ॲव्हरेज असले, की गाडी न थांबता फार लांब जाऊ शकते. माणसाच्या शरीराची मजल मात्र तेवढी नाही. पूर्वी आपण एस.टी.ने गावी जात असू, तेव्हा गाडी वडखळ, माणगाव, महाड अशी ठिकठिकाणी थांबे. चालक खाली उतरून चहा घेई, प्रवासी पाय मोकळे करीत. ते थांबे आपल्याला कंटाळवाणे वाटत, पण त्यांत शरीराची सोय होती. स्वतःच्या गाडीत ही सोय आपण ठरवून करावी लागते.

डुलकी म्हणजे नेमके काय?

अपुरी झोप झालेला मेंदू आपली परवानगी न घेता दोन ते पाच सेकंदांची विश्रांती चोरतो. डोळे कधी मिटतात, कधी उघडेच राहतात, पण समोरचे काही मेंदूपर्यंत पोहोचत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. म्हणजे चार सेकंदांच्या डुलकीत ती जवळजवळ ९० मीटर चालकाविना धावते. दारू प्यायलेला चालक निदान उशिरा का होईना ब्रेक दाबतो. झोपलेला चालक अनेकदा दाबतच नाही. म्हणूनच डुलकीचे अपघात इतके भीषण असतात.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी जागरण आणि मद्य यांची तुलना केली. सलग १७ तास जागलेल्या व्यक्तीची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या व्यक्तीइतकी खालावते, असे त्यांना दिसले. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. आता वरच्या गृहस्थांचा हिशेब करा. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकरालाच १७ तास पुरे करतो. दोन वाजता तो चाकामागे बसेल, तेव्हा त्याला जागून २० तास झालेले असतील. थेंबभरही न पिता तो कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेत पोहोचलेला असतो. फरक इतकाच, की त्याची ही अवस्था कोणत्याही नळीत फुंकून कळत नाही.

त्यात शरीराचे आपले घड्याळ असते. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोपेची ओढ निसर्गतःच वाढते. 'पहाटे रस्ता मोकळा मिळतो' हे खरे, पण त्याच वेळी मेंदू सर्वांत मंद असतो. दुपारचा प्रकार आमच्या किनाऱ्यावर दर रविवारी दिसतो. नागाव, काशीद, दिवेआगर येथे दोन दिवस राहिलेली कुटुंबे सुरमईची थाळी आणि सोलकढी असे पोटभर जेवून दोनच्या सुमारास मुंबई-पुण्याकडे निघतात. शनिवारचे जागरण, उन्हात समुद्रात खेळलेले शरीर, जड जेवण आणि गाडीतला गारवा, सगळे एकाच वेळी चालकावर येते.

हे मी परक्याचे दोष म्हणून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या दिवशी दवाखाना रात्री उशिरापर्यंत चालला होता. तरीही मी पहाटे कुटुंबाला घेऊन सावंतवाडीच्या वाटेला लागलो. महाड यायचे होते. डावीकडची चाके खडीवर गेली आणि त्या आवाजाने मी जागा झालो. रस्त्याकडेला माणूस नव्हता, झाड नव्हते, एवढेच आमचे नशीब. मागून आठ वर्षांच्या मुलाने विचारले, "बाबा, तुम्ही झोपला होतात का?" मी "नाही" म्हणालो. माझ्या शिक्षणाला आणि वयाला न शोभणारे ते उत्तर मला आजही बोचते. त्याहून बोचणारी गोष्ट अशी, की त्याआधी अर्धा तास मला सतत जांभया येत होत्या आणि मागे पडलेली दोन गावे आठवत नव्हती. लक्षणे ओळखीची होती, पण 'महाडला थांबू' म्हणून मी ती पुढे ढकलत गेलो.

काय उपयोगी, काय निरुपयोगी

खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे, सुपारी चघळणे या उपायांनी काही मिनिटे तरतरी वाटते, झोप जात नाही. तंबाखूचा तर विचारही नको. झोपेवर उपाय झोपच. सुरक्षित जागी, रस्त्यापासून दूर गाडी उभी करावी आणि १५ ते २० मिनिटे डोळे मिटावेत. त्याआधी कपभर कडक कॉफी किंवा चहा घेतल्यास अधिक चांगले. त्यातील कॅफीनचा परिणाम दिसायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणजे जाग येईपर्यंत त्याचीही मदत सुरू होते. उठल्याबरोबर चाक हाती घेऊ नये, पाच-दहा मिनिटे चालावे. ही तात्पुरती सोय आहे. रात्रीच्या सात तासांच्या झोपेची जागा ती घेऊ शकत नाही.

दर दोन तासांनी गाडी थांबवावी. चालक दोन असतील तर आळीपाळीने चालवावी. अनेक घरांत पत्नीकडे परवाना असतो, पण 'घाटात तिला कशाला' म्हणून तो पाकिटातच राहतो. घाट तुम्ही चालवा, पण सरळ रस्त्यावर तासभर चाक त्यांच्या हाती द्यायला हरकत कसली? आमच्या भागात तर सक्तीची विश्रांतीही मिळते. मांडव्याची रो-रो बोट असो किंवा आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी येथील फेरीबोट, बोटीवर इंजिन बंद करून सर्वांनी गाडीबाहेर यावे आणि वारा घ्यावा. मुलांना बंद गाडीत ठेवू नये.

दोन गोष्टी वैद्यकीय तपासणीच्या. जो चालक मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास मधूनमधून अडकतो आणि दिवसा वर्तमानपत्र वाचतानाही ज्याला पेंग येते, त्याला झोपेतील श्वासरोधाचा विकार असू शकतो. अशा व्यक्तीने लांबचा प्रवास आखण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. या विकारावर उपचार आहेत. दुसरे म्हणजे औषधे. सर्दीच्या व ॲलर्जीच्या अनेक गोळ्या, तसेच 'गाडी लागू नये' म्हणून घेतलेल्या गोळ्या झोप आणतात. मुलांना देण्यासाठी आणलेली गोळी चालकाने सहज म्हणून घेऊ नये. मधुमेही चालकाने जेवणाची वेळ टाळू नये, साखर किंवा ग्लुकोज हाताशी ठेवावे आणि हात थरथरणे, घाम, डोके हलके होणे जाणवताच गाडी थांबवावी. इन्सुलिन डॅशबोर्डवर किंवा उन्हातल्या बंद गाडीत कधीही ठेवू नये. उष्णतेने ते निकामी होते.

बसून राहिलेले पाय

१९५४ मध्ये जॉन होमन्स या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी दीर्घकाळ बसण्याने पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होते, हे नोंदवले. त्यांच्या रुग्णांत विमानप्रवासी होते, तसेच मोटारप्रवासीही होते. पुढे २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात सांगितले गेले, की चार तास किंवा अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. हे वाहन विमान असो, रेल्वे असो वा मोटार. निरोगी माणसाला मुळातला धोका अल्प असल्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, कर्करोगावर उपचार चालू असलेल्या आणि पूर्वी गुठळी होऊन गेलेल्या व्यक्तींनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर कृपा करून तेल लावून चोळू नका. आपल्याकडे 'शीण आला असेल' म्हणून पोटरी रगडण्याची पद्धत आहे. गुठळी असल्यास ती सुटून फुप्फुसात अडकू शकते. एकाएकी दम लागला किंवा छातीत दुखू लागले, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

वाटेत स्वच्छ स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून अनेक स्त्रिया दिवसभर पाणीच पीत नाहीत. प्रवासाहून परतल्यावर लघवीची जळजळ घेऊन दवाखान्यात येणाऱ्या भगिनींचे हे दर सुट्टीतले कारण आहे. म्हणून कोठे थांबायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे, आणि ते घरातील स्त्रियांनी व ज्येष्ठांनी ठरवावे.

मागच्या आसनावरचा पट्टा

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी उत्तम होती. मृत्युमुखी पडलेले दोघेही मागे बसले होते आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागचा पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे, परंतु दंडाच्या भीतीपेक्षा एक साधा हिशेब लक्षात ठेवा. ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत मांडीवरचे दहा किलोचे मूल काही क्षण वीस-तीस पट जड होते. कोणत्याही आईच्या हातांना ते धरून ठेवणे शक्य नाही. मुलाला त्याच्या वयाचे आसन द्यावे आणि सात आसनी गाडीत शेवटच्या रांगेतील मुलांचे पट्टेही तपासावेत.

डिझेलचा धूर

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला निश्चित कर्ककारक ठरवले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे नव्या गाड्यांचा धूर बराच कमी झाला, तरी संपला नाही. म्हणून सकाळी अंगणात गाडी चालू ठेवून सामान भरण्याची सवय सोडावी. तो धूर ओटीवर बसलेल्या दमेकरी आजोबांच्या छातीत जातो. प्रवासात ट्रकच्या मागे किंवा बोगद्यात असताना बाहेरची हवा बंद ठेवावी, पण मोकळ्या रस्त्यावर ती आठवणीने उघडावी. पाच-सहा जण तासन् तास तीच हवा श्वासात घेत राहिले, तर गाडीत कार्बन डायऑक्साइड साचतो, डोके जड होते आणि चालकाची सुस्ती वाढते. बंद जागेत इंजिन व एसी चालू ठेवून गाडीत झोपणे तर जिवावर बेतू शकते.

गाडीत प्रथमोपचाराची पेटी, पाणी, प्रत्येकाच्या औषधांची चिठ्ठी ठेवावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबून मदत करा. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे.

त्या दिवशी रक्तदाब किंचित वर होता. मी गोळी बदलली नाही, फक्त निघण्याची वेळ बदलायला सांगितली. रात्री झोपून सकाळी सहाला निघायचे, वाटेत कणकवलीला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी गोकर्ण गाठायचे, असे ठरले. गृहस्थ थोडे नाराज दिसले. "एक दिवस फुकट जाणार," म्हणाले. पंधरा दिवसांनी दोघे परत आले, तेव्हा कणकवलीच्या मुक्कामात मुलांशी कितीतरी दिवसांनी निवांत गप्पा झाल्या, हे त्यांनी आपणहून सांगितले. कुडाळच्या पुढे तासभर गाडी त्यांच्या पत्नीने चालवली होती.

शेवटी गाडीत शेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. चालकाच्या जांभया तुम्हाला त्याच्याआधी दिसतात. त्याला वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नका. "थांबूया" हा शब्द मोठ्याने म्हणा, आणि चाकामागे तुम्ही असाल, तर तो ऐकल्यावर वाद न घालता गाडी बाजूला घ्या.