सब्बल घ्या अन् बरडावर चला

आपल्याकडं जमिनीची चौकशी रंगानं होते. काळी आहे, मोरंड आहे, का बरड? सोयरीक जुळवतानाही ‘वावर काळीचं आहे ना’ एवढंच विचारतात. त्यात बाळापूर पडलं मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचं, पूर्णेच्या खोऱ्यातलं गाव. सभोवार काळी, तीही चांगली खोल. त्यामुळं खोली विचारायची आपल्याला सवयच नाही. वाडेगावहून पातूरकडं निघालं, डोंगर जवळ आले, की मात्र रंग बाजूला राहतो आणि एकच प्रश्न उरतो: मातीखाली दगड किती बोटांवर आहे?

तो प्रश्न सोडवायला प्रयोगशाळा लागत नाही. सब्बल घ्या आणि गावच्या ई-क्लासवर, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीवर, चढाच्या वाटेनं, दहा ठिकाणी ती ठोका. उन्हाळ्यात माती कडक झाली असेल, तर ओघळीच्या कडेला जा. तिथं माती आपोआप कापलेली दिसते. वर तांबूस-भुरी, खड्याखड्यांची माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. मातीच्या थराला वीत लावा. वीत म्हणजे साधारण ९ इंच, २२-२३ सेंटिमीटर. मृदाशास्त्रात २५ सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीची जमीन अति उथळ धरतात, म्हणजे आपली वीत त्यांच्या मापाला जवळजवळ लागूच पडते. उतारावर पुष्कळ ठिकाणी वीतही भरणार नाही.

आता हिशेब करा. वीतभर खडेमिश्रित माती झाडाला वापरता येईल असं पाणी धरते ते फार तर २५-३० मिलिमीटर. पावसाळ्यात उघाड पडली की गवताला आणि उन्हाला मिळून रोज ४-५ मिलिमीटर लागतं. म्हणजे आठवडाभरात खजिना रिकामा. मीटरभर खोल काळी दीडशे-दोनशे मिलिमीटर धरते, म्हणून तिथली पऱ्हाटी महिन्याची ओढ सोसते. पाऊस दोन्हीकडं सारखाच पडतो. डोंगरावर तो ठेवायला भांडं नाही, एवढाच फरक.

मग धावडा, सालई कशी उभी राहते, असं कुणीही विचारील. त्यांची मुळं मातीत नसतातच म्हणा. ती पाषाणाच्या भेगांत आणि सडलेल्या मुरमात शिरलेली असतात. लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हे डोंगर पायऱ्यांसारखे झाले आहेत. (अशा खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात; तो शब्दही उत्तर युरोपातल्या भाषांमधून आला, तिथं त्याचा अर्थ पायरी.) पायरीच्या सपाटीवर हातभर माती सापडेल, तिच्या उभ्या कडेवर काहीच नाही. म्हणून एका डोंगराला एकच औषध चालत नाही. सरसकट सगळ्या उतारावर सारख्या अंतरानं खड्डे आखणारा माणूस सब्बल न मारता आलेला असतो, हे माझं स्पष्ट मत.

माती जाते कशी, तेही बघा. एक एकरावरून फक्त एक मिलिमीटर थर वाहून गेला, तर ती जवळपास दीड ब्रास माती झाली. डोळ्याला काही दिसत नाही. शिवाय पाणी आधी बारीक, सकस कण नेतं आणि खडे मागं ठेवतं. खालच्या काळीत वरच्या उतारांवरून आलेला गाळही आहे, हे खरं. पण तो साठायला हजारो वर्षं लागली. आज गेलेली डोंगरावरची वीत आपल्या नातवाच्या हयातीतही भरून येणार नाही.

म्हणून चार गोष्टी सांगतो, पटतील तेवढ्या घ्या. वीतभर मातीच्या उताराला नांगर लावू नका. नवीन तोडलेल्या बरडावर पहिली दोन-तीन वर्षं तूर, मूग बरा येतो, आणि माणूस तिथंच फसतो. तो गवतानं साठवलेला कस असतो. तो संपला की मुरूम हाती येतो. वरचे दगड वेचून बांधकामाला नेऊ नका. ते थेंबाचा मार अंगावर घेतात, त्यांच्या सावलीत ओल टिकते, गवताचं बी अडकतं. ओघळी अडवायला दगड लागलेच, तर ओघळीतलेच घ्या आणि अनघड बांध वरून खाली घालत या. सलग समतल चर जिथं माती आहे तिथं जरूर खोदा; पण जेसीबीनं मुरूम उपसून मातीवर पसरला, तर पाणी अडलं तरी उगवायचं कुठं?

चौथी गोष्ट गवताची, आणि ती अवघड आहे. जूनमध्ये पवन्या, मारवेल फुटतात ते मुळातल्या साठ्यावर. तो कोंब ढोरांनी तेव्हाच खाल्ला, की मूळ उपाशी मरतं. पुढं कुसळी वाढते, मग तीही जाते आणि तरोटा नि गाजरगवत उरतं. तरोटा दिसला की समजा, उतार दिवाळखोरीत निघाला. उपाय जुनाच आहे. इंग्रजी अमलात वऱ्हाडात गवताचे रमणे राखीव असत. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं १९८९ नंतर डोंगरावर चराईबंदी केली आणि गवत कापून न्यायची मुभा ठेवली.

पण सगळाच डोंगर एकदम बंद करू नका. ज्याच्याकडं वावर नाही, कुटार नाही, चार बकऱ्याच आहेत, त्यानं जायचं कुठं? बंदीचा भार त्याच्यावर टाकून गाव हिरवं करणं मला तरी पटत नाही. डोंगराचे चार भाग पाडा, दरवर्षी एकच भाग पोळ्यापर्यंत राखा, आणि कापणीचा पहिला हक्क त्याच बकरीवाल्याला द्या.

१ मेच्या ग्रामसभेला जाल, तेव्हा दहा ठिकाणची मापं कागदावर लिहून न्या. ई-क्लासचा विषय निघाला की आधी ती मोठ्यानं वाचून दाखवा.