'आम्ही निघालो', पण गाडी कोण चालवत होते?

मराठी क्रियापदाची एक सोय आपल्या प्रवासवर्णनकारांना फार पूर्वीच सापडलेली दिसते. 'मी गेलो' किंवा 'मी गेले' म्हटले की बोलणारा पुरुष की स्त्री हे तत्क्षणी उघड होते; 'आम्ही गेलो' म्हटले की ते झाकले जाते. या 'आम्ही'त दोन माणसे मावतात, पण वाचकाला दिसते त्यांतले एकच, आणि तेही बहुधा ज्याच्या हाती लेखणी आहे ते. दांपत्याने स्वतः मोटार चालवत केलेल्या युरोपसहलीची वर्णने वाचताना हे आम्हांला वारंवार खुपते. (प्रस्तुत लेखही 'आम्ही'तच आहे, हे मान्य, मात्र लेखातल्या 'आम्ही'ला घाट चढावा लागत नाही.)

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या मध्यमवर्गाला युरोप प्रथम भेटला तो सहल कंपनीच्या बसमधून. त्या प्रवासातून निघालेल्या लेखनात बस, वाटाड्या, जेवणात मिळालेला वरणभात आणि सहप्रवाशांचे नमुने असत. त्या लेखनाला नावे ठेवणे सोपे आहे. पण निदान बस कोण चालवतो हे त्यात ठाऊक असे. आता तेच लोक, किंवा त्यांची मुले, दुसऱ्या खेपेस स्वतंत्रपणे जातात. आरटीओतून एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना काढतात, झुरिकला विमानतळावरच भाड्याची गाडी घेतात आणि आठदहा दिवस स्वित्झर्लंड पालथे घालतात. परतल्यावर लेख लिहितात. लेखात इंटरलाकेन असते, युंगफ्राऊ असते, यश चोप्रांचा २०१६ साली उभारलेला पुतळा असतो. रस्ता मात्र नसतो. एका स्थळाचा परिच्छेद संपतो, 'मजल दरमजल करत आम्ही पोहोचलो' असे एक वाक्य येते आणि पुढले स्थळ सुरू होते. मग बस सोडून गाडी घेतली कशासाठी?

त्या एका वाक्यात काय काय गडप होते ते पाहू. ज्याने आयुष्यभर लाल बहादूर शास्त्री मार्गावर डावी बाजू धरून गाडी चालवली, त्याला चाक डाव्या हाताला आणि रस्ता उजव्या हाताला अशी उलटी दुनिया एका सकाळीत अंगवळणी पाडावी लागते. वळताना हात सवयीने इशाऱ्याऐवजी काच पुसण्याच्या दांडीवर जातो. महामार्गासाठी चाळीस फ्रँकचा पास लागतो. एक दिवस जा वा वर्षभर, दाम तेवढेच. ग्रिम्सेलची खिंड २१६४ मीटरवर आणि फुर्काची २४२९ मीटरवर. दोन्ही हिवाळ्यात बंद असतात. चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा आपल्या घाटातला नियम तिथेही साधारण तसाच आहे, पण डोंगरातल्या टपाल-मार्गांवर पिवळ्या पोस्टबसचा मान सर्वांच्या आधी. आंधळ्या वळणाआधी ती तीन सुरांचा भोंगा वाजवते. ते सूर रोसिनीच्या 'विल्यम टेल'मधले आहेत हे शेजारी बसलेल्याला सुचू शकते. चालवणाऱ्याला त्या क्षणी फक्त दरीकडची कड दिसते. फुर्काच्या वळणावर २०१५ पासून बंद पडलेले बेल्वेदेर हॉटेल आहे. त्यालगत ऱ्होन हिमनदीचे बर्फ वितळू नये म्हणून अलीकडच्या वर्षांत उन्हाळ्यात पांढरी कापडे पांघरली जात आली. ते दृश्य दोघांनी एकाच गाडीतून पाहिले तरी एकाला ते पूर्ण दिसते आणि दुसऱ्याला वळण संपल्यावर आरशात.

म्हणजे अशा प्रवासात दोन प्रवास असतात. एक चालवतो, एक नकाशा वाचतो. चुकलेल्या फाट्याचा दोष कोणाकडे जातो, थकल्यावर चाक दुसऱ्याच्या हाती दिले जाते की नाही, मुक्कामाची आरक्षणे महिनाभर आधी कोणी केली, डब्यातल्या दशम्या कोणी आठवणीने बांधल्या, हे सारे त्या सहलीचे खरे कथानक आहे. 'आम्ही' ते गिळून टाकतो.

परंपरेकडे पाहिले तर ही त्रुटी जुनी आहे. पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० चे. सुनीताबाई त्या प्रवासात सोबत होत्या आणि पुस्तकात जागोजाग भेटतातही; पण भेटतात त्या लेखकाच्या विनोदाच्या उजेडात. त्या 'आम्ही'तला दुसरा आवाज स्वतःच्या सुरात ऐकायला मराठी वाचकाला 'आहे मनोहर तरी' येईपर्यंत, १९९० पर्यंत, थांबावे लागले. ते प्रवासाचे पुस्तक नव्हे, पण एकत्र केलेल्या वाटचालीत कोणी काय उचलले याचा हिशेब त्यात आहे, आणि तो वाचून अनेक वाचक अस्वस्थ झाले. त्याही आधी रमाबाई रानडे यांनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या. शीर्षकात 'आमच्या' आहे, तरी न्यायमूर्तींच्या फिरतीच्या आठवणींत कोण काय करत होते याबद्दल संदिग्धता फारशी उरत नाही. मीना प्रभूंनी 'मी'चा निःसंकोच वापर केला. त्यांच्या लेखनाची धिटाई आमच्या मते बरीचशी त्या एका सर्वनामात आहे.

यावर आक्षेप येईल की पतीपत्नींतली कुरबुर चव्हाट्यावर कशाला? आक्षेप अगदीच पोकळ नाही. खाजगीपण जपणे हा लेखकाचा हक्क आहे, आणि सुट्टीतले भांडण म्हणजे साहित्य असेही आम्ही मानत नाही. पण आम्ही भांडण मागत नाही, कर्ता मागतो आहोत. शिवाय मराठीत 'आपण' नावाचे दुसरे सर्वनाम आहे, जे ऐकणाऱ्यालाही सोबत घेते. 'आम्ही' त्याला बाहेर ठेवते. बाहेर ठेवलेल्या वाचकाला आतली दोन माणसे वेगळी दिसलीच नाहीत, तर त्याच्या हाती उरतात फक्त छायाचित्रे.

प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांनी वर्गात एक करून पाहावे. दिवाळी अंकातला असा एखादा लेख घ्यावा, त्यातला प्रत्येक 'आम्ही' खोडून तिथे 'मी', 'तो' किंवा 'ती' लिहायला सांगावे. बहुतेक वाक्यांपाशी विद्यार्थी अडतील, कारण मजकुरात उत्तरच नसेल. लेखिका पत्नी असेल तेव्हाही निकाल फार बदलत नाही. फरक इतकाच की तेव्हा नकाशा वाचणारी दिसते आणि चारशे किलोमीटर गाडी हाकणारा 'यांनी' या एका शब्दात येऊन जातो.