गाडीनं वाचवलं नाही

राजूर घाटात आमच्या पद्मिनीचा ब्रेक गेला, त्याला आता दीड वर्ष होईल. बुलढाण्याहून मलकापूरला लग्नाला निघालो होतो. एप्रिलमधली दुपार, गाडीत सहा जण, डिकीत आहेराच्या पिशव्या. घाट उतरायला लागल्यावर दुसऱ्या वळणाला जळकट वास आला. तिसऱ्या वळणाला काका म्हणाले, पेडल मऊ लागतंय. पुढच्या उतारावर ते सरळ पायाखालच्या पत्र्याला जाऊन टेकलं. काकांनी गिअर दुसऱ्यात पाडला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. डावीकडचे दोन्ही दरवाजे चेपले, पण थांबलो. मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची पुतणी आईच्या मांडीवर होती. सीटबेल्ट नव्हता. १९९१च्या आमच्या गाडीला ते कधी बसवलेच नाहीत.

संध्याकाळी लग्नघरी जो तो एकच वाक्य म्हणत होता: गाडीनं वाचवलं. काकांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं, “त्या काळचं लोखंड हाय हे, याले काई होत नाई.” दसऱ्याला नेहमीपेक्षा मोठा हार घातला गेला. आणि आता चुलतभाऊ, म्हणजे दादा, हीच गाडी मुंबईला न्यायचं म्हणतोय. कुर्ल्याला, जिथे ती बनली. रीलचं नावसुद्धा ठरलंय: ‘पद्मिनी चालली माहेरी’.

माझं भांडण त्या लग्नघरातल्या वाक्याशी आहे. गाडीनं आम्हाला वाचवलं नाही. गाडीनं आम्हाला जवळपास मारलं होतं. वाचवलं ते काकांच्या हातानं आणि डोंगर डाव्या बाजूला असल्यानं.

मिस्त्रींनी चाकं उघडली तेव्हा मी शेजारी उभा होतो. ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. साधं डॉट-३ ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती हद्द १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सतत पाय दाबून उतरणारा ड्रायव्हर, सहा माणसांचं वजन. ऑइल उकळून त्याची वाफ झाली, आणि वाफ दाबली जाते, पुढे काही ढकलत नाही. शिवाय तापलेला ड्रम फुगून लायनरपासून लांब सरकतो, तेही पेडललाच भोवतं. मागच्या एका चाकात अ‍ॅक्सलचं सील गळून लायनर तेलानं माखलेला होता. आमच्या गाडीत चारही चाकांना एकच सर्किट आहे. एका जागी दाब गेला की सगळीकडचा गेला. हे एका दिवसात झालेलं नव्हतं. शेवटचं ऑइल कधी बदललं, हे घरात कुणालाच सांगता येईना. शेवटचं पॉलिश कधी मारलं ते मात्र सगळ्यांना आठवत होतं.

मी इंजिनीअर आहे, पण सॉफ्टवेअरचा. आमच्याकडेही असे सर्व्हर असतात, दहा वर्षं अखंड चालू. त्यांना आम्ही ‘स्टेबल’ म्हणतो. खरं कारण एवढंच की ते बंद करून पाहायची कुणाची छाती होत नाही. घरातल्या ‘अजून मख्खन चालते’चा अर्थ तोच.

आता त्या लोखंडाबद्दल. जुन्या गाड्या मजबूत असतात, असं तुमच्याही घरात कुणीतरी म्हणत असेल. त्यांना २००९मधला एक व्हिडिओ दाखवा. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेनं १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू समोरासमोर आदळवल्या. बेल एअर म्हणजे पत्र्याचा राजवाडाच. तिची केबिन चिरडली गेली, स्टीअरिंग पुतळ्यावर चढलं. मालिबूचं नाक पार गेलं, आतला पुतळा जवळपास शाबूत राहिला. चेपायचं कुठे आणि टिकायचं कुठे, हे नव्या गाडीत आधीच ठरवलेलं असतं. आमच्या पद्मिनीत ते काम प्रवाशांच्या छातीकडे आहे.

मग भंगारात द्या, असं काही जण लगेच म्हणतील. सरकारचं धोरणही साधारण तिकडेच ढकलतं. खासगी कारच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाली, आणि २०२५मध्ये वीस वर्षांपुढच्या कारसाठी १०,०००. पन्नास वर्षं पार केलीत तर ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नंबरप्लेट मिळते, पण मग गाडी रोज वापरायची नाही. मधल्या चौतिशीतल्या गाडीला फक्त पावती. वयावरून फी ठरवणारे आणि वयावरून हार घालणारे, दोघेही चाक उघडत नाहीत, एवढीच माझी तक्रार. गाडी विकावी असं मला वाटत नाही. मला ती चालवायची आहे, मुंबईपर्यंतसुद्धा. १,०८९ सीसीचं ते इंजिन सुरू झालं की गल्लीतली म्हातारी माणसं मान वळवतात, मलाही बरं वाटतं. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा सोशल मीडिया हळहळला होता, मीही हळहळलो होतो. हळहळणारे आम्ही सगळे तोवर अनेक वर्षं अ‍ॅपवरूनच गाडी मागवत होतो, हा भाग वेगळा.

दादाची तयारी कशी चालली आहे बघा. सीट कव्हर, क्रोमचे बंपर, ब्लूटूथचा स्पीकर, छतावर कॅरिअर आणि त्यावर रिकामी जुनी ट्रंक, फोटोसाठी. टायरबद्दल विचारलं तर म्हणाला, नवेच आहेत, चालवलेत कुठे? नक्षी खरंच नव्यासारखी होती. मी बाजूचे चार आकडे वाचले: ०९१२. म्हणजे २०१२चा नववा आठवडा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात, आणि तापलेल्या रस्त्यावर भरल्या गाडीखाली फुटायला त्याला नक्षीची अडचण नसते.

दुसरं पेट्रोलचं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल येतं. ते कदाचित आमच्याच जिल्ह्यातल्या मक्याचं असेल, त्याबद्दल राग नाही. पण १९९१चे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल टाकीतला जुना चिकट गाळ सोडवून कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून बसवतं. त्यात स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. नवी गाडी सेन्सरवर स्वतःला सावरते, कार्बोरेटरला कळतही नाही. म्हणून पाइप आणि पडदा बदलायचा, टाकी उतरवून धुवायची, जेट तपासून घ्यायचं. रील करायला यातलं काहीच नाही.

मिस्त्रींना मी यादी दाखवली तेव्हा त्यांनी वरचं इंजिन खाली टाकलं. “आंधी ब्रेक, मंग टायर, मंग स्टीअरिंग. इंजिन बंद पडलं त जागीच थांबसान. ब्रेक बंद पडला त थांबणारच नाई.” काका त्यांच्यावर नाराज आहेत, कारण ते गाडीला नमस्कार न करता जॅक लावतात.

आणि रस्ता. दादाला सिंदखेड राजावरून समृद्धीवर चढायचंय, कारण ड्रोनला सरळ काँक्रीट छान दिसतं. सपाटीवर तिथे मर्यादा १२० आहे. आमची गाडी ६०-६५ला सुखात असते, ८०ला आरडाओरडा करते. पासष्टवरून एकशेवीसवर गेलं तर थांबवायची ऊर्जा दुप्पट होत नाही, जवळपास साडेतीन पट होते, आणि ती सगळी त्याच चार ड्रमांत उष्णता म्हणून उतरते. पासष्टनंच चालवू म्हणाल, तर मागून येणाऱ्या एकशेवीसवाल्यासाठी आम्ही रस्त्यात मांडलेला दगड. १ जुलै २०२३च्या पहाटे याच सिंदखेड राजाजवळ समृद्धीवर बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. आमच्या जिल्ह्यात त्या रस्त्याबद्दल बोलताना लोक अजून आवाज खाली घेतात. तिथे सीटबेल्ट नसलेली गाडी हौसेनं नेऊ नये. चिखली, देऊळगाव राजा, जालना, छत्रपती संभाजीनगर, येवला, नाशिक असं जायचं, सकाळी अकराच्या आत जमेल तेवढं अंतर कापायचं, नाशिकला मुक्काम करायचा. कसारा घाट ज्या गिअरमध्ये चढता येईल त्याच गिअरमध्ये उतरायचा. मुलं मागून दुसऱ्या गाडीत.

दादा म्हणतो, एवढी भीती वाटते तर कशाला न्यायची? काका म्हणतात, गाडीवर विश्वास नाही तुझा. दोघांचंही खरं आहे. विश्वास नाही म्हणूनच मी तिच्याखाली झोपून एकेक पाइप पाहिला. घरातल्या कुणीही तिच्या इतकं जवळ गेल्याचं मला आठवत नाही. काकांना कानानं कार्बोरेटर कळतो, हे मी मान्य करतो. ती विद्या माझ्याकडे नाही. पण ब्रेक ऑइलचा आवाज येत नाही.

एक सांगायचं राहिलं. कुर्ल्याचा कारखाना केव्हाच बंद झाला. वालचंद हिराचंदांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या त्या जमिनीवर आता उंच इमारती आहेत. माहेरी गाडी उभी करायलासुद्धा बहुतेक पार्किंगचे पैसे द्यावे लागतील. हे दादाला सांगितलं, तो म्हणाला त्याचंही रील होईल.

गाडी सध्या चिखली रोडवरच्या गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर आहे. पुढच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरचं किट यायचंय, टायर आलेत, पुढच्या सीटना बेल्ट बसवायला पत्र्याला आधार वेल्ड करावा लागणार आहे. दादानं शनिवारची तारीख टाकून पोस्ट केली होती, ती मी त्याला काढायला लावली. किट आलं की आधी मी आणि मिस्त्री, दोघंच, राजूर घाट तीनदा उतरणार. मागच्या सीटवर वाळूची पोती ठेवून.